व्हिस्वेचा नकाशा

राजाभाऊ निकमांना दुबईत कुणी गाव विचारलं, की ते "सोलापूर" म्हणून मोकळे होत. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांचं गाव कोयनेच्या काठी होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि दहा वर्षांच्या राजाला भांड्याकुंड्यांसकट ट्रकमधून सोलापूरकडच्या माळावर आणून सोडलं. तेव्हापासून त्यांच्या घरात 'कोयना' म्हणजे नदी उरलीच नाही. कोयना म्हणजे जिनं घर नेलं ती. हे त्यांनी बायकोलाही, अर्चनाला, कधी धड सांगितलं नव्हतं.

दुबईच्या करामा भागातल्या एका ऑफिसात राजाभाऊ ड्राफ्ट्समन होते आणि वासिल सर्व्हेअर. वासिल पोलंडचा, अठ्ठावन्न वर्षांचा, मोजकं बोलणारा. सात वर्षं दोघं एका टेबलावर डबा खात आले. राजाभाऊंना तिथं मित्र म्हणावा असा तो एकटाच. १९९८च्या मेमध्ये त्याचा करार संपला. आपला माणूस कायमचा जातोय, तर त्याला जन्मभर पुरेल अशी भेट द्यायची, असं राजाभाऊंनी मनाशी ठरवलं.

आता आपल्या मराठी माणसाची अक्कल बघा. नदीनं घर नेलं तरी नदी म्हणजे आई, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. राजाभाऊंनी लेकीच्या, श्रियाच्या, शाळेतल्या ज्ञानकोशातून पोलंडची पानं झेरॉक्स करून आणली. तिथली सगळ्यांत मोठी नदी व्हिस्वा. क्राकूव्ह तिच्या काठी, वॉर्साही तिच्याच काठी. नको असलेलं लग्न टाळायला तिच्यात उडी घेणारी वांदा राजकन्या. १९२० साली तिच्या तीरावरून परतवलेली रशियन फौज. उन्हाळ्यात तिच्या पाण्यात फुलांचे मुकुट सोडणाऱ्या पोरी. हे वाचून राजाभाऊ हरखले. तीन आठवडे खपून त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत उगमापासून समुद्रापर्यंत सबंध नदी काढली आणि खाली सुबक इंग्रजीत लिहिलं, 'तुझी आई'.

निरोपाच्या दिवशी वासिलनं कागद उलगडला, पाहिला, पुन्हा गुंडाळून टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून गेला. राजाभाऊंनी त्याला जिन्यात गाठलं.

"माझं काय चुकलं?"

"राजा, पासपोर्ट पोलंडचा असला तरी आम्ही लेमको, डोंगरातली, वेगळ्या भाषेची माणसं. सत्तेचाळीस साली सैन्य आलं. दोन तासांत निघा म्हणाले. मालगाडीत भरलं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकलं. त्या मोहिमेचं सरकारी नाव होतं व्हिस्वा. माझ्या आईनं मरेपर्यंत ते नाव तोंडातून काढलं नाही."

माझंही असंच झालं, एवढं राजाभाऊंना म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांची दातखीळ एका क्षणात कशी सुटणार? "सॉरी," एवढंच म्हणाले. खलास.

तो असा दुखावलेलाच गेला तर पुन्हा भेट नाही, ह्या विचारानं त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. शुक्रवारी ते टॅक्सी करून विमानतळावर गेले आणि बॅगांच्या रांगेत उभं राहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. नदी, धरण, ट्रक, माळ. वासिलनं त्यांचा हात घट्ट धरला.

"मग तुला कळेल," तो म्हणाला. "मी आमच्या त्या डोंगरातल्या गावीच चाललोय. सैन्यानं घरं जाळली, पण आईनं लावलेली सफरचंदाची झाडं रानात अजून उभी आहेत. आमची चूल कुठं होती, ते मी पावलं मोजून दाखवू शकतो. तू कधी गेलास परत?"

"कुठं जाऊ? वर पाणी आहे."

मयताच्या घरी गेलेली माणसं बघतात, तसा वासिल त्यांच्याकडे बघत राहिला. सांत्वन करायला गेले होते राजाभाऊ, आणि सांत्वन घेऊन परतायची पाळी त्यांच्यावर आली.

घरी अर्चनानं दार उघडलं. "अहो, गेला का नीट? फ्लाइट वेळेवर होती ना?"

"गेला," राजाभाऊ म्हणाले. चपला काढता काढता ते खालीच बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले. ती घाबरून शेजारी बसली, काय झालं, काय झालं, विचारत राहिली.

"त्याला गाव आहे गं," ते म्हणाले. "तो गावी गेला."