उस्तादाचं नाव सांग

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते, आणि सर्वात जास्त राग मला माझाच येतो.

मी नवी मुंबईत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तळवलीतल्या एका मदरशात मुलांना भडकवतात, असा निनावी अर्ज आला. भाड्याच्या खोलीत एक वयस्कर मौलाना मुलांना शिकवत. मी कसलीही शहानिशा न करता भरदुपारी झडतीला माणसे पाठवली. सगळी गल्ली बघत उभी होती. सापडले काय? कुराणाच्या प्रती आणि मराठीची पाठ्यपुस्तके!

मौलानांना ठाण्यात आणले, तेव्हा ते संतापले होते.

"साहेब, चार दिवसांपूर्वी मी स्वतःच इथे आलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी मोबाइलवर कुणा माथी भडकवणाऱ्याच्या नादी लागलाय. घर सोडायची भाषा करतोय. तुमच्या अंमलदाराने मला दोन तास बाकड्यावर बसवलं आणि हाकललं!"

मी स्टेशन डायरी मागवली. एका ओळीचीही नोंद नव्हती. त्या अंमलदाराला मी सर्वांसमोर झापले.

तो विद्यार्थी बावीस वर्षांचा, ऐरोलीत नोकरीला. त्याला लगेच घरून आणले. बॅग भरून तयारच होता. मी दरडावले, समजावले. ढिम्म. शेवटी मौलानांना आत बोलावले. त्यांच्या शिक्षणात एक रीत आहे: शिकवणारा आपला उस्ताद कोण, त्या उस्तादाचा उस्ताद कोण, हे नावानिशी सांगतो.

"मी कुणाकडे शिकलो, तुला ठाऊक आहे ना?" मौलानांनी विचारले.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग तुझ्या या नव्या उस्तादाचं नाव सांग. तो कुणाकडे शिकला?"

"ग्रुपवर नाव नसतं..."

"आणि त्याच्यासाठी आईला सोडून चाललास? तू तापाने फणफणला होतास, तेव्हा शेजारच्या हिंदू काकूंनी दवाखान्यात नेलं. त्यांचा द्वेष कर म्हणणारा हा दीन, हा धर्म कुठला रे?"

पोरगा ढसाढसा रडला. मग त्याने मोबाइल उघडून माझ्यापुढे ठेवला. त्याला न्यायला येणारे दोघे दुसऱ्याच दिवशी पकडले गेले. तो आरोपी झाला नाही, साक्षीदार झाला.

पण घरमालकाने मौलानांकडून खोली काढून घेतली. मी स्वतः त्याला भेटलो, मौलाना किती भला माणूस आहे ते सांगितले.

"साहेब, ह्ये झडतीच्या आधी का नाय बोललात? आता लोकं मला इचारतात," तो म्हणाला.

संशय घेणे हे पोलिसाचे कामच आहे. पण आळशी संशयाने किती नुकसान होते, हे मला फार उशिरा कळले. तो वर्ग पुन्हा भरला नाही. त्यातली वीस-बावीस मुले दुपारची घरी बसू लागली, हातात मोबाइल घेऊन.