गेटवरचा दावेदार

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि माझं मराठी घरापुरतं. सरकारी क्वार्टरचा जिना उतरलो की हिंदी सुरू. पुस्तकात लिहितात तसं एका माणसाबद्दल लिहायला मी कोण, हे मला अजून कळलेलं नाही. पण या माणसाला न सांगता मी एक गोष्ट केली होती आणि ती कितीतरी दिवस माझ्या पोटात राहिली. तुम्हीही आसपासची माणसं बघत असालच. तेव्हा कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

"ठरल्यालं असंल की! पण पडणाऱ्याची पाठ खरीच आपटती."

हे आमच्या पैलवानांचं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते म्हणावं लागेच, कारण दिवसातून एकदा तरी कुणीतरी त्यांना जपानी कुस्तीवरून डिवचायचं, "पहलवान, ये सब मिलीभगत है. कौन जीतेगा, पहले से तय होता है." मग पैलवान त्या माणसाची मानगूट प्रेमाने धरून हेच वाक्य आपल्या हिंदीत सांगायचे, "तय होगा यार, लेकिन गिरनेवाले की पीठ तो सच्ची गिरती है ना?"

नोएडात टीव्ही जोडायचा एक कारखाना होता, जपानी कंपनीशी करार केलेला. पैलवान त्याच्या गेटवर गार्ड होते. मी दिवसा तिथल्या ऑफिसात टायपिस्ट आणि संध्याकाळी कॉलेजात. वडील केंद्र सरकारच्या मंत्रालयात दफ्तरी, म्हणजे फायली लावणारे, घर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. दोन बस बदलून मी यमुना ओलांडायचो. त्या वर्षांत नोएडात काहीच जागेवर राहत नसे. सोमवारी मोहरीचं शेत दिसायचं, तिथे पुढच्या महिन्यात सेक्टरची पाटी आणि विटांचे ढीग. आम्हा सगळ्यांनाच वाटायचं, आपण कुठेतरी पोचायला उशीर करतो आहोत.

पैलवानांना तर सगळ्यांत जास्त. गार्डच्या केबिनमध्ये खुर्ची होती. तिच्यात त्यांना बसलेलं मी पाहिलं नाही. ट्रक नसला की गेटच्या खांबाला तळहात लावून खांब ढकलत राहायचे, जणू एक दिवस तो सरकणार होता. कुणी आत आलं की आधी त्याचे कान बघायचे, कुस्तीत चेपलेले आहेत का म्हणून, मग मान, मग पाय. माझेही बघितले पहिल्या दिवशी.

"गाव कुठलं रे?"

"आजोबांचं वाईजवळ. आम्ही इथलेच."

"इथलं म्हंजे कुठलंच न्हाय. शिकतोस?"

"हो. संध्याकाळी कॉलेज असतं."

"बरं झालं. मग आजपासून तू कॉलेज."

तेव्हापासून मला त्यांनी नावाने हाक मारली नाही.

ते सांगलीकडचे. सतराव्या वर्षी फौजेत भरती झाले, पलटणीसाठी कुस्त्या केल्या, पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन बाहेर पडले. बायको आणि दोन मुली गावी. गावच्या मैदानात एकदा नाव व्हावं असं म्हणेपर्यंत वय निघून गेलं, असं ते एकदाच बोलले, आणि लगेच उठून खांब ढकलायला गेले.

जपानी कुस्तीचं वेड त्यांना या कारखान्यात लागलं. तिथे एक तरुण जपानी इंजिनिअर होता. सगळे त्याला छोटे साहब म्हणायचे. घरून त्याला कुस्तीची मासिकं यायची आणि वाचून झाली की रद्दीत जायची. पैलवानांनी एक उचललं, मग सगळीच उचलू लागले. शिवाय शनिवारी जेवणाच्या सुट्टीत छोटे साहब एक गंमत करायचे. जोडून झालेले टीव्ही एका मोठ्या खोलीत मांडणीवर तासन्‌तास चालू ठेवतात, बिघाड असला तर आधीच कळावा म्हणून. त्यावर ते आपली व्हिडिओ कॅसेट लावायचे. मग चाळीस पडद्यांवर चाळीस पैलवान एकदम उचलले जायचे आणि एकदम आपटले जायचे. आम्ही डबा हातात धरून भिंतीशी उभे. छोटे साहब जपानीत ओरडायचे, आमचे पैलवान मराठीत. दोघांचं एकमेकांशी चांगलं जमायचं.

केबिनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीचं रजिस्टर होतं. त्याच्या मागच्या पानांवर पैलवानांनी तक्ता आखला होता. सगळ्यात वर 'गादीवर', त्याखाली 'दावेदार', त्याखाली 'उगवते'. जपानी नावं वाचता येत नसल्यामुळे त्यांनी आपलीच ठेवली होती: मिशीवाला, तांबडी चड्डी, डोंगर, रडका. नवीन मासिक आलं की तक्ता बदलायचा. कोण खाली सरकला, कोणाला आता गादीवाल्याशी लढायचा हक्क मिळाला, कोणी अजून दोघांना पाडल्याशिवाय त्याच्या वाऱ्याला उभं राहू नये, हे ते ट्रकच्या ड्रायव्हरलाही समजावून सांगायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "पहलवानजी, गेट तो खोलो."

गादीवर त्यांनी एका मुलाला बसवलं होतं. भादरलेलं डोकं, काळी साधी चड्डी, अंगावर दुसरं काही नाही. त्याचं नाव 'कोरा'. मासिक उघडलं की पहिल्याच पानावर त्याचा छोटासा फोटो असे.

"पण पैलवान, सोन्याचा पट्टा तर मिशीवाल्याकडे आहे," मी एकदा चाचरत म्हणालो.

"तो शेवटच्या पानांवर हाय. जुने मानकरी. त्यांचे पट्ट्यासकट फोटू छापत्यात, मान म्हणून."

"आणि कोरा कॅसेटमध्ये कधीच कसा दिसत नाही?"

"खरा मोठा असा सारखा दिसत न्हाय, कॉलेज. आणि बघ की, अंगावर झगमग न्हाय, काय न्हाय. मातीतल्या माणसासारखा हाय. हाच वर."

मला पटलं. मी कुस्तीतला कोण?

एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "पत्र लिवायचं. जपानला. इंग्रजीत." कोऱ्याला आव्हान द्यायचं होतं. गादी लगेच नको. आधी तालमीत घ्या, माझे हातपाय बघा, दावेदारांतल्या कुणाशीही लावा, आणि मग त्याच्याशी. त्यांच्या बोलण्यात गंमत अजिबात नव्हती. मासिकातला पत्ता आणि फोटोखालचं कोऱ्याचं नाव मी चित्र काढावं तसं काढलं, एकेका अक्षराची रेघ मोजून. त्याला तीन जेवणाच्या सुट्ट्या लागल्या. परतीचा पत्ता आमच्या क्वार्टरचा दिला, कारण ते राहायचे ती खोली दोन सेक्टरांच्या मध्ये अडकलेल्या गावात होती आणि तिला नंबर नव्हता.

"वय चोवीस लिव," ते म्हणाले.

"पण तुमचं..."

"तेहतीसच्याला कोण बोलावतंय रे? चोवीस लिव. माझं अंग बघून कुणाला कळायचं बी न्हाय."

मी ऑफिसात गेलो, मशीनमध्ये कागद घातला. वयाच्या ओळीपाशी थांबलो. मला खोटं लिहिता येत नाही असं म्हणून मोठेपणा घेणार नाही. मला भीती वाटली, एवढंच. पासपोर्ट काढताना फौजेची कागदपत्रं बघतील, त्यावर जन्मतारीख असेल, ते पकडले जातील, मीही. मग मी ३३ टाइप केलं. आणि त्यांना सांगितलं नाही. कागद पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला, खाली मराठीत सही केली आणि म्हणाले, "झकास. टाक पेटीत."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी गेटमधून आत आलो की, "काय कॉलेज, आलं का टपाल?"

"नाही अजून."

"येईल. समुद्र हाय मधी."

रोज. ऊन असो, धुकं असो. मधल्या काळात त्यांनी चहा सोडला, जोर वाढवले, कॅन्टीनमधून कच्चं दूध मागवायला लागले. कॅन्टीनवाला म्हणायचा, "पहलवान, जापान जाके हमको भूल मत जाना." ते हसायचे. मी मात्र कधीकधी ट्रकच्या आडून आत सरकायचो. तरी मागून हाक यायचीच. ज्या एका आकड्यामुळे उत्तर येणार नाही तो मी लिहिला होता, आणि वाट ते बघत होते. आज सांगू, उद्या सांगू करत मी परीक्षाही दिली. एका पेपरात तर उत्तरांऐवजी त्यांना काय सांगायचं त्याचीच वाक्यं डोक्यात येत होती.

तीन महिने झाले असतील. छोटे साहब जेवून गेटपाशी फिरत होते. पैलवानांनी मोठ्या हौसेने त्यांना तक्ता दाखवला आणि एकेकावर बोट ठेवत मासिकातले फोटो दाखवले. छोटे साहब खूश होऊन मान हलवत होते. मग बोट 'गादीवर' आलं आणि पैलवानांनी कोऱ्याचा फोटो दाखवला.

साहेबांनी एकदा फोटो पाहिला, एकदा तक्ता. मग मासिक हातात घेतलं, बंद केलं, पालथं केलं आणि दुसऱ्या बाजूने उघडलं. जपानी मासिक त्या बाजूने सुरू होतं. तिथे पहिल्या पानावर मिशीवाला होता, पट्टा खांद्यावर टाकून. कोरा आता शेवटच्या पानावर, कोपऱ्यात.

साहेब पोट धरून हसायला लागले. मग पैलवानांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तसे एकदम थांबले. हातवारे करून, मोडक्या इंग्रजीत त्यांनी समजावलं: हा मुलगा तालमीत नुकताच आलेला. मोठ्यांच्या बॅगा उचलतो. त्यांचे कपडे धुतो. आंघोळीला पाठ चोळून देतो. अजून एकही कुस्ती जिंकलेला नाही.

साहेब गेल्यावर पैलवान रजिस्टर मिटून उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांचे हातपाय कुठेच चाललेले नव्हते.

"पत्र पोचलं असंल का रे?"

"कधीच पोचलं असेल."

"म्हंजे मी तिथल्या झाडूवाल्या पोराला गादी मागितली."

त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो, पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "ते पोरगं काय म्हणलं असंल, कॉलेज? कपडे धुताधुता पत्र आलं असंल त्याला."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता विचारणार नाहीत. गेटमधून आत आलो तर, "आलं का टपाल?"

त्यानंतर दोन महिन्यांनी मालकांनी गार्डचा ठेकेदार बदलला. जुने गार्ड सगळे एका दिवसात गेले. मी सोमवारी आलो तर गेटवर वेगळाच माणूस खुर्चीत आरामात बसला होता. त्याने माझा पास मागितला. रजिस्टरही नवीन होतं. पैलवान कॅन्टीनवाल्याकडे गावचा पत्ता ठेवून गेले होते, "कॉलेजला दे" म्हणून. मी तो पाकिटात घालून फिरत राहिलो. लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं.

आणि मग एके दिवशी मी घरी आलो तर आईने लांबट पाकीट पुढे केलं. "हे कुठलं रे? पोस्टमन म्हणाला, बाहेरदेशीचं आहे."

आतलं पत्र जपानीत होतं, म्हणून सकाळी कारखान्यात पोचताच मी ते छोटे साहेबांपुढे धरलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि हळूहळू इंग्रजीत सांगितलं. आपल्या पत्राबद्दल आभार. उशिराबद्दल क्षमा. तालमीत नवीन माणसं घेताना आम्ही तेवीसच्या आतली घेतो, त्यामुळे आपल्याला बोलावता येत नाही याचं वाईट वाटतं. आपण ज्या मुलाला आव्हान दिलंत त्याला आजवर कुणीच आव्हान दिलेलं नव्हतं. त्याने आपलं पत्र मागून घेतलं आहे.

तेवीस! म्हणजे चोवीस लिहिलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मी त्याच संध्याकाळी कॉलेज बुडवून पैलवानांना पत्र लिहिलं. जपानचं उत्तर मराठीत उतरवलं, त्या मुलाचं वाक्य दोनदा तपासलं, आणि शेवटी वयाचं सांगून टाकलं. मी भ्यालो, तुम्हाला न विचारता खरा आकडा लिहिला, आणि तुम्ही रोज विचारत असताना गप्प राहिलो. मला माफ करा.

तीन आठवड्यांनी आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर मुलीचं, गोल आणि स्वच्छ. वर लिहिलं होतं, 'बाबा सांगतात तसंच लिहिते.'

"कॉलेज, पत्र पोचलं. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या पोराचं ऐकून लई बरं वाटलं. वयाची माफी मागू नको. सही करतानाच मी ते ३३ बघितलं होतं. पंधरा वर्षं फौजेत काढली, रायफलचा नंबर इंग्रजीतच असतो. आकडा मला वाचता येतो. नवीन कागद कर म्हणालो असतो तर तू केला असतास. पण तुझं तोंड असं झालं होतं की म्हटलं, राहू दे. तेहतीसचा चालत असंल तर बोलावतील."

मी ते जिन्यातच उभा राहून वाचलं. वर आई जेवायला हाका मारत होती. पाच महिने ते रोज सकाळी गेटवर मला विचारत होते, आणि पत्रात कुठला आकडा गेला आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.