दाबलं की थांबणारी मशीन

"आदी हिलाच घासा. बघू तरी, खालून कोणता रंग निघतो."

असं म्हणत बापूने चालू पॉलिश मशीन माझ्या गालावर दाबली. परभणीतलं गाड्या धुवायचं सेंटर, भर दुपार. गिऱ्हाइकं उभी होती. एकाचाही हात पुढे आला नाही. एकजण हसला. मशीनच्या आवाजातूनही ते हसू मला ऐकू आलं.

बापू आमच्याच गावचा, सोनपेठकडचा. माझी आई त्याच्या गोठ्यात शेण काढून म्हातारी झाली. मला ते टोपलं डोक्यावर घ्यायचं नव्हतं, म्हणून परभणीला येऊन गाड्या धुवायला लागले. पण डोळा होता पॉलिशच्या मशीनवर. गाड्या धुणारीला सगळे 'ए' म्हणतात, मशीनवाल्याला 'मिस्तरी'. मला मिस्तरी व्हायचं होतं.

सेंटर सलीमचाचाचं. त्याने मला एका भंगारातल्या बॉनेटवर शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी मी मशीन हवेत चालू केली आणि सगळं पॉलिश माझ्याच तोंडावर उडालं. चाचा पोट धरून हसला. "पहले टेका, बाद में बटन, बेटा." पुढची चूक लवकर जाईना. ओरखडा दिसला की मी सगळा जोर लावायचे. मग चकती फिरायची थांबायची, मशीन नुसती घुंघुं करायची.

"दबाने से ये रुक जाती," चाचा म्हणाला. "इसकी जातच ऐसी."

दसरा झाला आणि बापूची काळी गाडी आली. पूजेच्या कुंकवाचा डाग, हाराच्या तारेचे ओरखडे. बापू चहाला गेला. चाचा मला म्हणाला, "तू कर." माझी पहिली खरी गाडी. मी चकती टेकवली, बटन दाबलं, हात हलका सोडला. ओरखडे गेले आणि काळ्या पत्र्यात माझं तोंड दिसायला लागलं. खरं सांगते, मला ते आवडलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी झिंज्या धरल्या.

"ए शेणकाढे! पूजेच्या गाडीला हात लावायलीस व्हय?"

"बापू, काम शिकलीय ती," चाचा म्हणाला.

"तू गप. हिची माय आमच्या गोठ्यात शेण काढती. गाडी बाटवली हिनं!"

त्याने मला फरशीवर आपटलं. पोटात लाथ घातली. आणि चालू मशीन उचलून ते 'आदी हिलाच घासा' बोलला.

चकतीच्या कडेचा घाव गालाच्या हाडावर बसला. गाल फाटला. पॉलिश डोळ्यात गेलं, आग आग झाली. तो दाबत होता, सगळ्या अंगाने. आणि चकती थांबली. कानाशी नुसती घुंघुं.

मला आईचं आयुष्य आठवलं. तिला दाबलं, ती थांबली. मला शाळेत पाण्याच्या हंड्यापासून लांब उभं केलं, मीही थांबले. ही मशीनची जात. माझी कुणी ठरवली?

मी त्याच्या मनगटाला चावले. दात हाडाला लागेपर्यंत सोडलं नाही. मशीन पडली. तीच उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली.

"आय गं!" बापू बोंबलला. दुसऱ्याच्या आया काढणाऱ्याला स्वतःची आई आठवली.

चाचाने तेव्हा कुठे वायर उपटली. उशीर केलास, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. मग तशीच रक्ताळलेली ठाण्यात गेले आणि तक्रार लिहून दिली. भीती वाटत होतीच.

पुढे आईला आणायला गावी गेले, तर बापूचा भाऊ आमच्या दारात.

"मिटवून घे, बाई. तुझ्या मायला गावात ऱ्हायचंय."

"ओरखडे मी पत्र्यावरचे मिटविते," मी म्हणाले. "ह्ये मिटणार न्हाई. आन् माय इथं ऱ्हाणार न्हाई."

आईने शेणाचं टोपलं उचललं. बापूच्या ओट्यावर उपडं केलं आणि माझ्याबरोबर एसटीत बसली.

आता मी मिस्तरी आहे. गालावरचा व्रण रोज कुणाच्या ना कुणाच्या बॉनेटमध्ये दिसतो. कोर्टात बापू समोर येईल, तेव्हा गालावर पदर घेणार नाही. आणि त्याने पुन्हा हात उचललाच, तर मी गुडघ्यावर थांबणार नाही.