दाजींचं रेडिएटर

बातमी आली तेव्हा मी सेनगावच्या बसस्टँडवर होतो आणि माझ्या पिशवीत वसमतची अर्धा किलो हळद होती. ती स्वयंपाकाची नव्हती. दाजींच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये टाकायची होती. चार दिवसांपूर्वी फोन करून त्यांनी मागवली होती आणि मी नेहमीप्रमाणे चिडून म्हणालो होतो, ''दाजी, आता तरी ते भंगार फेका ना.'' त्यावर ते नेहमीप्रमाणे हसले होते. मग भाच्याचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता ते कलंडले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत... डेपोतून माझ्या जागी दुसरा कंडक्टर येईपर्यंत मी स्टँडवरच्या बाकावर बसून होतो, आणि खोटं कशाला बोलू, रडूही येत होतं आणि रागही. माणसानं निदान आणलेली हळद घ्यायला तरी थांबावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हिंगोलीला शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. मी एसटीत कंडक्टर, त्यामुळे गाडी म्हणजे वेळेवर निघते आणि वेळेवर पोचते ती, एवढी माझी साधी समज. दाजींची समज वेगळी होती. नव्वदच्या सुमारास त्यांना रद्दीच्या दुकानात एका परदेशी मासिकाचं पान सापडलं. त्यावर एक बुटकी, लांबलचक गाडी होती, पुढं बॉनेटच नाही, इंजिन सगळं उघडं. ''याला हॉट रॉड म्हणतात,'' ते म्हणाले, ''लोक घरी बनवतात.'' मी म्हणालो, ''त्यांच्या घरी बनवत असतील.'' झालं. लिलावातल्या जीपचा सांगाडा आला, टॅक्सीचं जुनं डिझेल इंजिन आलं आणि अक्काच्या अंगणात तुळशीशेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या. दोन-तीन वर्षं अक्कानं वाळवणं गच्चीवर घातली.

गाडी झाली, म्हणजे दिसायला झाली. राहिलं होतं रेडिएटर. नवं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही वारंगा फाट्याला रहीमचाचांच्या भंगारात गेलो. तिथं ट्रॅक्टरचं एक रेडिएटर पडलं होतं. दणकट, कुठं गळती नाही, आणि स्वस्तही. मी हरखलो. दाजी चार पावलं मागं सरले, एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला आणि मान हलवली.

''उंच होते. पुढची रेघ मोडते.''

''दाजी, रेघंला काय चाटायचंय? इंजन थंड राह्यला पाह्यजे का न्हाई?''

''तुमाला न्हाई कळायचं ते.''

मग त्यांनी एका कोपऱ्यातून कुठल्याशा छोट्या गाडीचं पितळी रेडिएटर उचललं. अरुंद, देखणं, खालच्या बाजूला भोकं बुजवायला दोनदा झाळलेलं. मी रहीमचाचांकडं पाहिलं, की निदान धंदेवाईक माणूस तरी खरं सांगेल. चाचा म्हणाले, ''मास्तर की नजर कू मानना पडता!'' त्यांचं काय जातं? रेडिएटर निवडताना त्याचा चेहरा पाहणारा माणूस आमच्या घरातच निघायचा होता.

ते पहिल्याच आठवड्यात गळायला लागलं. आमच्याकडं जुन्या ड्रायव्हरांचा एक उपाय आहे. बारीक गळती असेल तर पाण्यात चिमूटभर हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते. उपाय खरा आहे, मी स्वतः पाहिलेला आहे. पण दाजींचे थोरले भाऊ वसमतकडं हळद पिकवणारे. पोत्यानं हळद बघितलेल्या घराण्याला चिमूट ठाऊक नसते. दाजींनी वाटीनं टाकली. वर आणखी एक वाटी, ''राहू द्या, घरचीच हाये,'' म्हणून.

त्या श्रावणात पहिल्या सोमवारी ते अक्काला घेऊन नागनाथाच्या दर्शनाला निघाले. मी त्याच रस्त्यावर ड्यूटीला होतो. औंढ्याच्या अलीकडं एका कडुनिंबाखाली गर्दी दिसली म्हणून ड्रायव्हरनं बस हळू केली, आणि मला आधी वास आला. शेतात कढईत हळद शिजवतात, अगदी तो वास. रेडिएटर पार तुंबून उकळत होतं, टोपण उडालं होतं, रस्त्यावर पिवळा फेस. अक्काच्या नव्या पातळावर हे एवढाले पिवळे डाग. बसच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, ''मास्तर, या वयात हळद लागली व्हय?'' सगळी बस हसली. दाजीसुद्धा हसले. अक्का नाही हसली. ती तरातरा बसमध्ये चढली आणि दारातून त्यांना म्हणाली, ''ही गाडी न थांबता औंढ्याला पोचंल ना, तवा मला हिच्यात बसा म्हना. तवर न्हाई.'' तिचं तिकीट मीच फाडलं.

दाजींनी ते शब्द मनावर घेतले. जन्मभर. न थांबता औंढा, हे एकच वेड. रेडिएटर आतून धुतलं, पुन्हा झाळलं, पंखा बदलला, पण ट्रॅक्टरचं बसवायचं नाव नाही. आणि अक्काचं बोलणं एक, वागणं दुसरं. पुढच्याच सोमवारी ती पुन्हा गाडीत! मांडीवर पाण्याचा निळा कॅन, फडक्यात धपाटे. गाडी त्याच कडुनिंबाशी उकळायची, आणि ती थंड होईपर्यंत दोघं खाली बसायची. दर श्रावणात, दर सोमवारी, पुढं तर सणावारीही. मी बसमधून पाहायचो. अक्का बोलत असायची, दाजी ऐकत असायचे. घरी हा माणूस पाच मिनिटं एका जागी बसला नाही. शाळा सुटली की गाडीखाली, जेवणसुद्धा उभ्यानं. पण मला त्या वेळी ते काही दिसलं नाही. मला दिसायचं ते गळकं रेडिएटर. मी दारातून ओरडायचो, ''दाजी, ट्रॅक्टरचं बसवा!'' ते हात हलवायचे. अक्का माझ्याकडं बघायचीही नाही.

शेवटच्या फोनवरही ते म्हणाले होते, ''या बारीला तुमच्या अक्काला न थांबता नेतो, बघा.'' ते वाक्य माझ्या मनातून जाईना. तेराव्यानंतर मी फाट्याला गेलो, ट्रॅक्टरचं रेडिएटर घेतलं, एका फिटरकडून पुढचा पत्रा कापून बसवलं आणि जुनं चाचांना देऊन टाकलं. दाजींची रेघ मोडली, मान्य. पण शब्द तर पुरा होईल! सव्वा महिना झाल्यावर अक्काला म्हणालो, चल, नागनाथाला जाऊन येऊ. ती कॅन भरून घेऊन आली. मी म्हणालो, लागणार नाही. तिनं तो मांडीवर धरला.

गाडी अशी गेली की विचारू नका. गरमी दाखवणारा काटा जागचा हलला नाही. कडुनिंब आला, मागं पडला. मला वाटलं, दाजी, बघा... आणि अक्का म्हणाली, ''थांबव.''

''काहून? गरम न्हाई झाली.''

''थांबव म्हनलं ना!''

मी गाडी मागं घेतली. ती उतरली, झाडाखाली तिच्या नेहमीच्या जागी जाऊन बसली, शेजारची जागा पदरानं झाडली. कॅन जवळ ठेवला. बराच वेळ गाडीच्या त्या उंच, थंड तोंडाकडं बघत राहिली. मग माझ्यावर अशी कडाडली की लहानपणीसुद्धा कधी कडाडली नसेल.

''तुला कोनी सांगितलं व्हतं रे बदलायला? एवढी एकच जागा व्हती माझी, जिथं तो मानूस माझ्यापाशी बसायचा!''

औंढ्याला आम्ही गेलोच नाही.

परवा मी पुन्हा फाट्याला गेलो. रहीमचाचांनी ते रेडिएटर अजून वितळवायला दिलं नव्हतं, ढिगाखालून काढून दिलं. नळ्यांच्या तोंडाशी पिवळा थर अजून तसाच. चाचांनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाले, ''ये तो गळता है, भाई. अच्छा वाला दिखाऊँ?''

मी म्हणालो, ''नको चाचा. गळकंच पाह्यजे.''