मी सरकवलेले कार्ड

डॉ. सुनंदा भालशंकर यांची आणि माझी पहिली भेट पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या विभागातल्या खोलीत झाली. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होतो, चाळिशीला आलो होतो आणि मला पीएच.डी. हवी होती. अर्जात मी ज्ञानाची ओढ वगैरे लिहिले होते; खरे म्हणजे पदोन्नती अडली होती. मॅडम तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या, त्यामुळे त्या फार त्रास देणार नाहीत असा माझा हिशेब होता. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "पाटणकर, लोक बोलत असताना तुम्ही मध्येच..." मी "नाही" म्हणून मोकळा झालो. प्रश्न अजून पुरा व्हायचा होता. तरीही त्यांनी मला विद्यार्थी म्हणून घेतले, याचे आश्चर्य मला आजही वाटते.

मॅडमना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या लेखांची आणि विद्यार्थ्यांची यादी या गौरवग्रंथाच्या शेवटी आहे, आणि ती करणारी माणसे माझ्यापेक्षा नेटकी आहेत. मी एका चुकीविषयी लिहिणार आहे. चूक माझी होती, निस्तरली मॅडमनी. हे लिहू का, असे त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की अभ्यासात भाग घेतलेल्या खडकीच्या काकांचे नाव घालू नका, माझे घातले तरी चालेल. म्हणून काकांचे नाव या लेखात नाही.

मॅडमनी आयुष्यभर ज्या पद्धतीने संशोधन केले तिला क्यू पद्धत म्हणतात. मानसशास्त्राबाहेरच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. एखाद्या विषयावर लोक जे बोलतात त्यातली वाक्ये त्यांच्याच शब्दांत गोळा करायची आणि एकेका कार्डावर एकेक वाक्य लिहायचे. मग ती कार्डे एका माणसाच्या हातात द्यायची आणि त्याला मांडायला सांगायचे. डाव्या टोकाला 'हे माझे मुळीच नाही', उजव्या टोकाला 'हे अगदी माझ्या मनातले'. टोकांना जागा अगदी थोड्या, मध्ये भरपूर. प्रत्येक कार्ड कुठेतरी ठेवावेच लागते, त्यामुळे माणूस एक वाक्य दुसऱ्यापुढे तोलत बसतो. अशा अनेकांच्या मांडण्या ताडून पाहिल्या की कोण कोणासारखा विचार करतो ते दिसू लागते. यात बरोबर उत्तर नसते. ज्याची मांडणी त्याचे म्हणणे, म्हणून ती चुकू शकत नाही. हे शेवटचे वाक्य मी वर्गात कितीतरी वेळा शिकवले होते.

विभागातले काही विद्वान याला 'भालशंकरबाईंचा पत्त्यांचा डाव' म्हणत. मॅडम शांतपणे म्हणत, "मग बसा ना, मांडून बघा." एकही बसला नाही. कार्डांसाठी त्या बुधवार पेठेतल्या एका छापखान्यातून लग्नपत्रिकांचा उरलेला जाड कागद आणत. त्यामुळे 'मला मरणाची भीती वाटते' या वाक्यामागे कधी कधी सोनेरी गणपती निघे. मांडणीसाठी त्यांनी जुन्या चादरीवर दोऱ्याने चौकटी शिवून एक कापड तयार केले होते. ते घेऊन त्या कुणाच्याही घरी जात, जमिनीवर बसत आणि गप्प राहत. कात्रजच्या एका बाई एकच कार्ड हातात धरून दुपारचा बराच वेळ बसल्या होत्या. मी तीनदा घड्याळ पाहिले. बाहेर आल्यावर मॅडमनी मला घड्याळ काढून पिशवीत ठेवायला सांगितले, आणि पुढच्या प्रत्येक घरी ते पिशवीतच राहिले.

माझा विषय होता, घरी अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचे करणाऱ्यांना त्याबद्दल काय वाटते. हा विषय मला पुस्तकात सापडला नव्हता. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता आणि ते आमच्याच घरी होते. त्यांचे बहुतेक सगळे माझी पत्नी माधवी करत होती आणि लोकांना मी करतो असे वाटत होते.

मॅडमचा एक नियम होता. कार्डे घेऊन बाहेर पडण्यापूर्वी संशोधकाने ती आधी स्वतःसाठी, त्यांच्यासमोर मांडायची. मी दहा मिनिटांत मांडली. 'यांचं करताना मला समाधान मिळतं' हे उजव्या टोकाला आणि 'यांची आता सुटका व्हावी असं माझ्या मनात येतं' हे डाव्या टोकाला. मॅडमनी विचारले की कोणत्या कार्डापाशी हात थांबला. मी म्हणालो, कुठेच नाही. त्यांनी वहीत काहीतरी टिपले आणि ठीक आहे म्हणाल्या. मी ती शाबासकी समजलो.

काका खडकीला, बाजाराच्या मागे दोन खोल्यांत राहत. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे, आणि आतल्या खोलीत नव्वदी ओलांडलेली आई. तिला अंघोळ घालणे, भरवणे, वेणी घालणे, सगळे तेच करत. पांढऱ्या केसांची ती बारीक वेणी इतकी नीट होती की माझे लक्ष सारखे तिकडे जात होते. त्या दिवशी मी एकटाच गेलो होतो. काकांनी सावकाश कार्डे मांडली आणि "झालं" म्हणाले. मॅडमच्या शिस्तीप्रमाणे मी लगेच फोनवर मांडणीचा फोटो घेतला. मग माझे लक्ष उजव्या टोकाकडे गेले. तिथे 'सुटका व्हावी' हे कार्ड होते. मला वाटले, काकांची डाव्या-उजव्यात गल्लत झाली. इतकी माया करणारा माणूस असे कसे म्हणेल? मी विचारले, काका, हे इथे, नक्की? ते गोंधळले. मग मीच ते कार्ड उचलले, डाव्या टोकाला ठेवले, तिथले त्याच्या जागी आणले, आणि तशी नोंद करून घरी आलो. आपण एका साध्या माणसाला मदत केली, असे मला वाटत होते.

प्रबंध सादर करायला तीन महिने उरले असताना मॅडम फोटो आणि नोंदी पडताळायला बसल्या. काकांच्या फोटोपाशी त्या थांबल्या. फोटोत कार्ड उजवीकडे होते आणि नोंदीत डावीकडे. मी सगळे समजावून सांगितले, जरा अभिमानानेच. त्यांनी विचारले की मी कार्ड हलवल्यावर काका काय म्हणाले. मला ते नीट आठवत होते. "बरोबर आहे साहेब, माझंच चुकलं," असे म्हणाले होते.

मॅडमनी फाइल मिटली. "पाटणकर, तुम्ही त्या माणसाच्या घरात बसून, त्याची आई आत झोपलेली असताना, त्याला सांगून आलात की हे तुझ्या मनात यायला नको."

मला पहिली काळजी तारखेची वाटली. हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटली. मी सुचवले की एक माणूस अभ्यासातून वगळला तर फारसे बिघडणार नाही. त्या म्हणाल्या, वगळायचाच आहे, पण ते तुमच्या प्रबंधाचे झाले. उद्या सकाळी खडकीला जायचे आहे.

काकांनी खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिले. मी अडखळत माफी मागितली आणि कार्डे पुन्हा मांडाल का असे विचारले. त्यांनी कार्डांचा डबा माझ्याकडेच सरकवला. "तुम्हीच लावा साहेब. तुम्हाला पाहिजे तसं लावा, मी सही करतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

मॅडमनी त्यांना सांगितले की आम्ही आज अभ्यासासाठी आलेलो नाही, तुमची कार्डे अभ्यासातून काढली आहेत आणि आता त्यांचा कशालाच उपयोग करणार नाही. मग त्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या, कापड पसरले आणि स्वतःची कार्डे मांडू लागल्या. समोरच्या माणसाआधी संशोधकाने त्याच्यासमोर आपली मांडणी करायची नाही, हा त्यांचाच दंडक. तो त्या दिवशी त्यांनी मोडला, कारण तेव्हा त्यांच्यासमोर अभ्यासातला माणूस नव्हता, दुखावलेला माणूस होता. अर्धा तास गेला. शेवटी 'सुटका व्हावी' हे कार्ड त्यांनी उजव्या टोकाला ठेवले.

"माझी आई सहा वर्षं अंथरुणावर होती," त्या काकांना म्हणाल्या. "शेवटची दोन वर्षं हे माझ्या मनात यायचं. सकाळी तिचं तोंड पुसताना यायचं."

काकांनी पुढे वाकून ते कार्ड पुन्हा वाचले. मग म्हणाले, "रोज?"

"रोज."

काकांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. "मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. त्यात साहेबांनी पण..." एवढे बोलून ते उठले, आत गेले आणि आईला मोठ्याने सांगू लागले की बाई भेटायला आल्या आहेत. मॅडम आत जाऊन म्हातारीजवळ बसल्या. मी बाहेर कार्डे गोळा करत होतो. मॅडमच्या आईविषयी मला त्या दिवसापर्यंत काहीच माहीत नव्हते, आणि विभागात दुसऱ्या कुणालाही नसावे.

परतीच्या रिक्षात त्यांनी मला बोल लावावेत अशी माझी फार इच्छा होती. त्या फक्त "बाकीचे फोटो तपासा" एवढेच म्हणाल्या. तपासले. आणखी तिघांची कार्डे मी अशीच 'सुधारली' होती. मॅडमनी मला त्या तिघांच्याही घरी पाठवले, या वेळी एकट्याला. चौघेही अभ्यासातून गेले, नव्याने माणसे शोधावी लागली, प्रबंध एका वर्षाने लांबला आणि पदोन्नती दोन वर्षांनी. त्या काळात मॅडम उगाच ताणतात असे मी कट्ट्यावर चारचौघांत बोललो आहे. ते त्यांच्या कानावर गेले असणारच. त्यांनी कधी दाखवले नाही.

मात्र खडकीहून आलो त्याच संध्याकाळी मी घरी जेवणाच्या टेबलावर माझी कार्डे पुन्हा मांडली. वडील आत झोपले होते. या वेळी हात थांबला, आणि चांगलाच थांबला. शेवटी 'सुटका व्हावी' हे कार्ड उजव्या टोकाला गेले. माधवी हात पुसत बाहेर आली, माझ्या खांद्यावरून वाकून तिने ते वाचले. मला वाटले, आता ही काय म्हणेल. ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "बरं झालं. मला वाटत होतं, हे माझ्या एकटीच्याच मनात येतं."

दोन वर्षे आम्ही एका घरात, एकाच माणसाचे करत होतो आणि यावर एक शब्द बोललो नव्हतो. वडील त्यानंतर दीड वर्ष होते. सकाळचे सगळे मी अंगावर घेतले. कंटाळलो की कंटाळलो असे एकमेकांना सांगू लागलो आणि मग वडिलांजवळ बसणे सोपे झाले, कारण तिथे चांगला मुलगा असल्याचे सोंग करावे लागत नव्हते. ते गेले तेव्हा मी रडलो आणि मोकळाही झालो. दोन्हींची लाज वाटली नाही.

प्रबंध झाला. थकवा आणि माया शेजारी शेजारी ठेवणारी बरीच माणसे नव्या मांडण्यांत निघाली, आणि परीक्षकांना तेच सर्वांत मोलाचे वाटले. तोंडी परीक्षेत त्यांनी सगळ्यांसमोर माझे कौतुक केले. मॅडम मागच्या रांगेत बसून खिडकीबाहेर पाहत होत्या.

अशा प्रसंगी 'शतायुषी व्हा' असे म्हणायचे असते. पण सहा वर्षे अंथरुणाशी बसलेल्या माणसाला नुसती वर्षे मोजून देण्यात अर्थ नाही. मॅडम, आपल्याला पुष्कळ वर्षे मिळोत आणि त्या सगळ्या वर्षांत हात, पाय आणि बुद्धी आपल्याच ताब्यात राहोत, ही मनापासून इच्छा. आणि समजा, कधी कुणीतरी आपले करण्याची वेळ आलीच, तर आम्ही विद्यार्थी आहोत. पाळ्या लावू. कंटाळा आला तर आपल्यासमोर बसून तसे सांगू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊ.