लाल पत्ते

माझे धाकटे दीर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. दिवसभर एकच प्रश्न, "हे स्पष्ट दिसतं की ते?" माणूस गरीब गाय. पण दुपारी जेवायला घरी आले की ताटाआधी फोन उघडायचा आणि ऑनलाइन पोकर खेळत बसायचं. भाजी गार व्हायची, आणि माझं डोकं गरम.

एकदा त्यांनी मला खेळातली मेख सांगितली. "पत्ते चांगले आले की कोणीही पैसे लावतो, वहिनी. समोरचा हलक्या पत्त्यांवर किती देईल हे ओळखायचं आणि तेवढंच लावायचं. जास्त लावलं तर तो पत्ते टाकून मोकळा होतो. कमी लावलं तर आपलं नुकसान."

"म्हणजे गिऱ्हाईक बघून भाव सांगायचा," मी म्हटलं. ते रुसले, दोन घास कमी जेवले.

त्यांच्या टेबलावर 'निवृत्त मास्तर' नावाचा एक खेळाडू रोज यायचा. हा बाबा फार वेळ घ्यायचा आणि मग हमखास पैसे द्यायचा. असा गडी मिळाल्यावर दीर खूश होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी मास्तरांनी पडद्यावर लिहिलं, "उशीर होतो, माफ करा. हल्ली बदाम कुठला, चौकट कुठली, कळत नाही. दोन्ही लालच दिसतात. पण इथे चार माणसं भेटतात."

दिरांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी पोळ्या लाटायला आत गेले.

पुढचं मला नंतर कळलं. पुढच्याच डावात टेबलावर सगळ्यांसाठी सामाईक असलेल्या पत्त्यांत तीन बदाम उघडले होते. दिरांच्या हातात आणखी दोन, म्हणजे पाच बदाम, पक्का डाव. एरवी त्यांनी थोडेच लावले असते, कारण तीन बदाम समोर दिसत असताना मोठ्या रकमेला शहाणा माणूस पळतो. त्या दिवशी त्यांनी मास्तरांपुढे होते तेवढे सगळे पैसे लावले. मास्तरांनी बराच वेळ घेतला आणि सगळे दिले. पत्ते उलटले तेव्हा मास्तरांच्या हातात चौकटचे दोन पत्ते होते.

मास्तर पुन्हा कधी आले नाहीत. दिरांनी खेळ सोडला, पण खेळाने त्यांना सोडलं नाही. दुकानात कोणी म्हातारा आला की ते त्याला विचारतात, "पत्ते खेळता का?" एकाने हो म्हटलं, तर यांच्या हातातली काच खाली पडली. मालक म्हणतो, याचेच डोळे तपासा. मला हसू येत नाही. जेवताना ते मध्येच थांबतात आणि दाराकडे बघतात, कोणी आलेलं नसतं.

परवा मी चिडले. "भाऊजी, किती दिवस हे भूत मानेवर घेऊन फिरणार? तुम्हाला काय ठाऊक, त्यांच्या हातात काय होतं ते?"

"नव्हतं ठाऊक. पण दोन लाल पत्ते आले असतील तर ते बदाम समजून पैसे देणार, हे ठाऊक होतं. म्हणूनच सगळे लावले."

"मग आधी एक ओळ लिहायची होती. पत्ते नीट बघा, एवढंच."

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"लिहिली होती, वहिनी," ते म्हणाले. "पुसली, आणि मग पैसे लावले."