पाचव्या घरचं कापड

रेबेकाच्या हातात जुनी खुर्ची आली की ती आधी खालून खिळे उपटायची, मग कापड सोलायची, आतला काथ्या झटकून उन्हात घालायची आणि उरलेला सांगाडा नवऱ्याकडे ढकलायची. लाकूड गिदोनचं, कापड तिचं, अशी दोघांची वाटणी. नगरातले वकील, मास्तर, बदली होऊन जाणारे साहेब आपलं मोडकं सामान त्यांच्याकडे टाकत आणि हे दोघं त्यातून बसण्याजोगं काहीतरी उभं करत. उतरवलेलं कापड ती धुऊन गाठोड्यात ठेवायची. कुठला तुकडा कुणाच्या घरचा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. आमची भिंतीला भिंत. ती तोंडाची फटकळ, मीही काही गरीब गाय नव्हते, त्यामुळे आमचं छान जमायचं.

एका गोष्टीबद्दल मात्र ती चकार शब्द काढत नसे. तिचा कृपादान दीड वर्षाचा असताना तापानं गेला. त्याला पुरून आल्यावर तिनं खुर्ची सोलायला घेतली, ती घेतलीच. पोरगं गेलं, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

चव्वेचाळीस साल होतं. लढाई तिकडे लांब आणि चिंध्या आमच्या दारात. कापड कार्डावर, तेही नशिबात असलं तर. माझ्या परकराला पोत्याचं ठिगळ होतं आणि मी ते मिरवत होते, कारण पलीकडच्या बाईला तेवढंही नव्हतं.

अशात तिसगावची बनुबाई पाळणा घेऊन आली. पोटुशी, सातवा महिना. नवरा कारभारी यानं गाडीतून पाळणा उतरवला. माहेरचा जुना सागवानी पाळणा, एक बाजू निखळलेली. तिची तीन पोरं बसायला लागायच्या आतच गेली होती.

"पाळना काका करतील," ती रेबेकाला म्हणाली. "मावशी, तुमी मला दुपटं करून द्या. पाच घरचं मागून आनलेलं. ज्या घरची लेकरं जित्ती हायती, त्याच घरचं कापड पायजे. गावात कोन देईना. देतील कुठनं, अंगावरच न्हाई."

ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिच्या बाळाला अशा मागून आणलेल्या कापडात गुंडाळतात. मरण दाराशी आलं तर त्याला वाटावं, हे लेकरू भलत्याच घरचं आहे.

"आमच्यात असलं मानत न्हाईत," रेबेका म्हणाली. पण बनुबाईचे डोळे बघून तिनं गाठोडं सोडलं. चार तुकडे निघाले: वकिलांच्या पडद्याचा, मास्तरांच्या आरामखुर्चीचा आणि आणखी दोन लेकुरवाळ्या घरांचे. पाचवा निघेना. बाकीचं कापड कुणा साहेबांचं, त्यांच्या पोरांची खबर कुणाला?

मग रेबेका दारोदार फिरली. एकीनं हसून वाटेला लावलं. एकीनं दार न उघडताच आतून सांगितलं, "बाई, माझं एकच लुगडं हाय आन् ते वाळत घातलंय." मला मूलबाळ नाही, म्हणून माझ्या घरचं चालणार नव्हतं; मी नुसती सोबत होते. शरमेनं मान वर करवत नव्हती. रोज जायचं, रिकाम्या हातानं परत यायचं. पाळणा तयार होऊन भिंतीला टेकला आणि एक दिवस कारभारी गाडी दामटत आला.

"कळा लागल्यात. लवकरच सुटंल आसं सुईन म्हनती. दुपटं झालं का?"

"चारच घरचं हाय."

"मग ती न्हाई घ्यायची. म्हनती, उगडं ठिवीन पन चार घरच्यात न्हाई गुंडाळनार."

रेबेका आत गेली आणि ट्रंकेतून कृपादानचा बाप्तिस्म्याचा झगा घेऊन आली. एका जुन्या खुर्चीच्या आतलं रेशमी अस्तर काढून तिनंच शिवलेला, पांढरा, मऊ. त्याचं एवढंच तिच्यापाशी राहिलं होतं.

"रेबेका, अगं, हे कसलं घर?" मी हळूच म्हणाले.

"तू गप बस," ती म्हणाली आणि कात्री चालवली. कारभारी दुपटं आणि पाळणा घेऊन गेला, तो काही न विचारता.

पुढचे दिवस तिचे वाईट गेले. घास उतरेना. तिसगावकडून गाडी आली की दारात धावायची आणि गाडी पुढे गेली की मटकन खाली बसायची. पाप माझं आहे, त्या पोराला लावू नको, असं देवाला विनवायची. जे मानत नाही त्याची एवढी भीती, असं मी एकदा चिडून म्हणाले, तर ती माझ्याच गळ्यात पडून रडली.

सव्वा महिना झाल्यावर बनुबाई आली. पोरगा धडधाकट, त्याच दुपट्यात.

"पाची घरी त्याला पायावर घालायचाय," बनुबाई आनंदानं म्हणाली. "हे पांढरं कुनाच्या घरचं? त्यांचं लेकरू केवढं हाय?"

मला वाटलं, ही आता काहीतरी ठोकून देईल. पण रेबेका म्हणाली, "माझ्या घरचं. माझा कृपादान. गेला तो."

बनुबाईनं पोरगं छातीशी असं आवळलं की ते किंचाळलं. तिचा हात दुपट्यावरच्या पांढऱ्या तुकड्याकडे गेला, थांबला. उसवावं तरी भीती, ठेवावं तरी भीती.

"त्यो आपलं कापड मागाया आला तर?"

"मी मागत न्हाई, तर त्यो कशाला मागंल?"

"आसं न्हाई." बनुबाईनं पोरगं पुढे धरलं. "याच्या डोक्यावर हात ठिवा आन् म्हना. दिलं म्हना."

रेबेकानं हात ठेवला. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"मोठ्यानं म्हना, मावशी. त्याला आयकू गेलं पायजे."

"दिलं," रेबेका म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, घसा फाटेस्तोवर, "दिलं रे बाबा, दिलं." बाहेर गिदोनचा रंधा थांबला.